बुजवलेल्या फटी

सर, रस्ता उचलला. तुम्ही गेलात त्याच्या सहाव्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला. तुम्ही खडूनं जिथं फुली मारून ठेवली होती, तिथून सात पावलं अलीकडं. मी मोजून बघितलं. म्हणजे तुमचं गणित सात पावलांनी चुकलं. हे तुम्हाला सांगावं आणि तुमचं तोंड कसं होतं ते बघावं, एवढंच मनात आलं. मग आठवलं की तुम्ही नाही.

आवाज एवढा मोठा झाला की लोक भूकंप समजून घराबाहेर पळाले. भूकंप होऊन गेलेल्या आपल्या जिल्ह्यात मोठा आवाज झाला की पाय आधी उंबऱ्याबाहेर पडतात, डोकं नंतर चालतं. बाहेर येऊन बघतात तर देवळाकडं जाणाऱ्या सिमेंटच्या रस्त्याचे दोन स्लॅब एकमेकांना टेकून उभे, गुडघाभर उंच. गणपत दुधाचे कॅन घेऊन डेअरीकडं निघाला होता. त्याची मोटारसायकल थेट त्या स्लॅबांवर गेली. मांडीचं हाड मोडलं. आत सळई घातलीय, अजून तो खाटेवरच आहे.

तंत्रनिकेतनात तुम्ही किती वर्षं शिकवलंत, कुठल्या समितीवर होतात, हे मी लिहिणार नाही. ते वेशीजवळच्या श्रद्धांजलीच्या फलकावर होतं आणि तो फलकही आता उन्हानं पिवळा पडलाय. वाचणाऱ्याला एवढं कळलं तरी पुरे की मी सरोज, तुमची विद्यार्थिनी, तुमच्याच गावची, त्या रस्त्याची अभियंता, आणि तुम्हाला नोटीस देणारी. गावात आणि कागदावर आता असं ठरलंय की रस्ता तुमच्यामुळं उचलला. तसं नाही. ते पुसून काढायचं, एवढं एकच काम माझ्याकडं उरलं होतं.

तुमचा पहिला तास मला गोधडीमुळं आठवतो. अकरा वाजताचा तास आणि सर काखेत गोधडी घेऊन वर्गात. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर आज मुक्कामालाच आलेत." तुम्ही ऐकलंत आणि म्हणालात, "व्हय. तुम्हाला कळंस्तोवर मुक्कामच हाय." मग खिशातून एक्स-रेच्या जुन्या फिल्मची कापलेली पट्टी काढलीत, टेबलावर ठेवलीत आणि दोन्ही टोकांकडून दाबलीत. पट्टी मधोमध टुणकन वर आली. एकच मोठा फुगा. मग तीच पट्टी गोधडीच्या घड्यांमध्ये घातलीत, वरून दोघांना हात दाबून धरायला लावलंत आणि पुन्हा टोकं दाबलीत.

"बोटं फिरवा वरून. काय लागतंय?"

"बारक्या बारक्या लाटा, सर."

"आन् जोर?"

"जास्त लावायला लागला."

"का लागला? कारण आता तिला दोन्हीकडून कुणीतरी धरलंय."

पुढं फळ्यावर सूत्र लिहिलंत. पातळ पत्रा, खाली लवचिक पाया, कडेनं दाब. किती दाबाला पत्रा वाकेल आणि लाट केवढी येईल ते त्या सूत्रातून निघतं. आम्ही वहीत उतरवून घेतलं. तुम्ही खडू खाली ठेवलात आणि शांतपणे म्हणालात, "हे खोटं हाय." कुणीतरी खोडरबर काढलं. "पुस्तकातली जमीन उचललेल्या पत्र्याला खाली ओढती. आपली जमीन ओढत न्हाय. ती नुसता खालून टेकू देती. एकदा वर उचलला की तिचा न् त्याचा संबंध संपला. मग त्याला धरायला त्याचं स्वतःचं वजन सोडून कुणी न्हाय." मग म्हणालात, "परीक्षेत मात्र पुस्तकातलंच लिहा. तपासणारा मी न्हाय."

तुमचा माझा पुढचा वीस वर्षांचा वाद तिथून सुरू झाला.

मी त्या वर्गात बसले तीही तुमचीच करणी. दहावीनंतर तुम्ही आमच्या घरी आला होतात. वडील म्हणाले, "मास्तर, पोरीच्या जातीनं साइटवर उन्हात उभं ऱ्हायचं व्हय?" तुम्ही म्हणालात, "शेतात उन्हातच असती की." मग माझं नाव घातलं गेलं. आईनं तुम्हाला चहा दिला, ओसरीच्या भिंतीतल्या देवळीत वेगळा ठेवलेला असायचा त्या कपात. तुम्ही वस्तीतले, आम्ही गावातले, एवढं सांगितलं तरी आपल्याकडच्या वाचणाऱ्याला तो कप कळतो. तुम्ही चहा प्यालात, रांजणाशी जाऊन कप स्वतः विसळलात आणि पालथा घातलात. मी पंधरा-सोळा वर्षांची होते. मला तेव्हा लाज वाटली नाही. लाज वाटायला मला तुमच्याकडं शिकावं लागलं. खूप वर्षांनी एकदा मी तो विषय काढला, तर तुम्ही म्हणालात, "चहा चांगला व्हता. आलं घातलं व्हतं."

वादाचं सांगते. मी माकणीला नोकरीला असताना एका कामावर जमिनीची चाचणी घ्यायची होती. भर मे महिना. तुम्ही तेव्हा निवृत्त झाला होतात, बोलावलं नव्हतं तरी एसटीनं आलात, गळ्यात पंचा आणि पिशवीत थर्मास. भरलेला ट्रक उभा केला, त्याच्याखाली जॅक आणि जॅकखाली लोखंडी गोल पत्रा. जॅक दाबायचा आणि जमीन किती दबते ते मापकाच्या घड्याळावर वाचायचं. काळी माती एवढी भेगाळली होती की तुमच्या पेन्सिलचं टोपण भेगेत पडलं ते पुन्हा सापडलं नाही. सगळे आकडे लिहून झाल्यावर तुम्ही म्हणालात, "खालून किती ढकलती ते मोजलंस. आता वर किती धरती ते मोज."

"सर, ते शून्य आहे. ते कशाला मोजायचं?"

"शून्य हाय हे लिहून ठेवायला."

मी हसले. म्हटलं, स्लॅबचं वजन आहे, घर्षण आहे, आणि गावातल्या चारशे मीटरच्या रस्त्याला कुठं एवढा दाब येतोय. तुम्ही म्हणालात, "उन्हाला रस्ता कुणाच्या गावचा हे कळत न्हाय." मी म्हटलं, हे गणित जगात कुणीतरी केव्हाच सोडवलं असेल. "असंल की. आपल्या मातीवर कुणी सोडवलंय ते सांग." त्या थर्मासमधला चहा अतिशय गोड होता आणि मी तो नावं ठेवत तीन वेळा घेतला. आता वाटतं, माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दुपारी मोजायला बसले तर ती पहिल्या दोनांत येईल.

आणि मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयही तुम्ही ठेवली नाहीत. धाराशिवला आम्ही घर बांधलं, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात हॉलमधल्या टाइल्सची एक रांग धाडकन उठून तंबूसारखी उभी राहिली. मी घाबरून तुम्हालाच फोन लावला.

"भिंतीकडंला फट सोडली व्हती का?"

"मिस्त्री म्हणाला, घाण साचते. म्हणून सिमेंट भरलं."

"मग बस आता घाण काढत."

रविवारी तुम्ही आलात, गुडघ्यावर बसून त्या उठलेल्या टाइल्सकडं असे बघत होतात की तुमच्या घरी काकूंनी नवी सूनही तशी बघितली नसेल. माझ्या नवऱ्याला सगळं समजावून सांगितलंत. टाइल तापली की वाढते, वाढायला जागा नसली की शेजारणीला ढकलते, शेजारीण पुढचीला, आणि जिथं बूड कच्चं असेल तिथं सगळ्या मिळून वर येतात. नवरा बँकेत आहे, तरी त्याला कळलं. मग मला कळलं नव्हतं असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

गावातल्या रस्त्याचं काम माझ्याकडं आलं तेव्हा मी आराखडा घेऊन आधी तुमच्याकडं आले. वेशीपासून देवळापर्यंत. काम पौषात, म्हणजे थंडीत आखडलेलं काँक्रीट. तुम्ही म्हणालात, बोटभर रुंदीच्या फटी सोड, तळापर्यंत आरपार. बावीस फटी निघाल्या. त्यांत डांबरात भिजवलेला पुठ्ठा घातला आणि वरून डांबर ओतलं. तुम्ही रोज सकाळी येऊन एकेका फटीत पेन्सिल घालून बघायचात. मिस्त्री वैतागला होता. मला मात्र बरं वाटायचं, कारण इतक्या वर्षांनी माझी वही तुम्ही पुन्हा तपासत होतात.

चैत्रात देवीची जत्रा. आपल्या गावात नवस बोललेल्या बायका पहाटे ओलेत्यानं वेशीपासून देवळापर्यंत दंडवत घालत जातात. पालथं पडायचं, हात लांब करायचे, हात टेकले तिथं खूण, उठायचं, खुणेवर उभं राहायचं, पुन्हा पालथं. मातीचा रस्ता होता तेव्हा काही प्रश्न नव्हता. आता डांबर उन्हानं मऊ झालेलं, फटींत खडे आणि बाभळीचे काटे अडकलेले. सरपंच म्हणाले, "मॅडम, तळव्यांना चिकटतंय, गुडघ्यांना रुततंय. बायाबापड्यांचं काम हाय. तेवढं सिमेंट भरून गुळगुळीत करून द्या." मी त्यांना एरवी नाही म्हटलं असतं. त्यांना नाही म्हणण्यात माझा हातखंडा आहे.

पण या वर्षी त्यात आईही होती. माझी मुलगी सातव्या महिन्यात जन्मली तेव्हा आई दंडवताचा नवस बोलली होती. नात जगली, सहा वर्षांची झाली, आणि दर चैत्रात आईचे गुडघे आडवे यायचे. या वर्षी ती म्हणाली, "आता न्हाय फेडला तर फेडायची न्हाय मी." मी तिचे गुडघे बघितले. मिस्त्रीला बोलावून सांगितलं, पुठ्ठे काढा आणि सगळ्या फटी सिमेंट-वाळूनं पक्क्या भरून घ्या. तळापर्यंत. माझ्या तोंडचे शब्द आहेत, लिहून कुठं दिले नव्हते. मनात होतं, जत्रा झाली की पुन्हा कापून घेऊ. जत्रा झाली आणि मार्चची राहिलेली बिलं, दुसऱ्या गावची पाण्याची टाकी, हे आणि ते. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही काय म्हणाल ते मला पाठ होतं.

आईचा नवस फिटला. देवळाच्या पायरीवर ती बसली तेव्हा तिच्या दोन्ही तळव्यांवर एक ओरखडाही नव्हता. त्या वेळी मला फार समाधान वाटलं होतं, हेही इथं लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातून फोन आला, "मॅडम, मास्तर रस्ता फोडायलेत." मी गाडी काढून आले. तुम्ही पहिल्या फटीपाशी उकिडवे बसला होतात, हातात छिन्नी आणि हातोडा, डोक्याला पंचा. सत्तरी उलटलेला माणूस.

"सर, हे काय करायलात?"

"तुझं काम करायलोय."

"मी कापून घेणार आहे. थोडं थांबा."

"वैशाखाला सांग थांबायला."

"अहो, पहिल्याच उन्हाळ्यात काही होत नाही."

"सरोज, तुला चांगले मार्क कुणी दिले?"

"तुम्ही."

"तेच म्हणतो. चूक माझीच हाय."

लोक जमले होते. त्यांच्यासमोर तुम्ही असं बोललात याचा मला राग आला. अभियंता म्हणून त्या गावात मी उभी राहिले होते, माझ्याच माहेरात, आणि तुम्ही मला चारचौघांत नापास केलंत. मी तशीच गाडीत बसले. त्यानंतर आपण बोललो नाही, सर. वीस वर्षांत आपण इतके भांडलो, पण अबोला हा पहिलाच, आणि तोच शेवटचा ठरला.

रोज सकाळी एक फट, उन्हं चढेपर्यंत. तळापर्यंत मोकळी करायची, झाडूच्या काडीनं आतला चुरा काढायचा. पारावर तुम्ही लोकांना समजावूनही सांगितलंत म्हणे. कुणीतरी म्हणालं, "मास्तर, दगडाला कुठं श्वास लागतोय व्हय?" आणि सगळे हसले. हसण्यापर्यंत ठीक होतं. मग कुणीतरी दुसरं बोललं. देवळाचा रस्ता आहे म्हणून मास्तरच्या डोळ्यात खुपतोय. ते देव मानत न्हाईत ना. हे एकदा तोंडातून सुटलं आणि गावभर झालं, आणि आमच्या कार्यालयात तक्रारीचा अर्ज आला, पंचवीस-तीस सह्यांचा.

साहेब म्हणाले, नोटीस द्या. मी दिली. शासकीय मालमत्तेचे नुकसान, तात्काळ थांबवावे, अन्यथा. मजकूर माझा, सही माझी. शिपायाला द्यायला पाठवलं, स्वतः आले नाही. तुम्ही घेतल्याची सही केलीत आणि माझ्या प्रतीवर पेन्सिलीनं एक शब्द खोडून दुरुस्त केलात. मी घाईत 'आकुंचन सांधे' लिहिलं होतं, तुम्ही 'प्रसरण सांधे' केलंत. कडेला अर्धा मार्क कापल्याची खूणसुद्धा. त्या प्रतीकडं बघून मी पहिल्यांदा हसले, मग बाथरूममध्ये जाऊन रडले, मग ती फाईलला लावली. तोवर तुमच्या नऊ फटी झाल्या होत्या. दहाव्या फटीला तुम्ही हात लावला नाहीत. उरलेल्या भागात जिथं रस्ता उचलेल असं तुम्हाला वाटलं, तिथं खडूनं फुली मारलीत आणि घरी गेलात.

पुढं दोन आठवड्यांनी तुम्ही जेवून खाटेवर आडवे झालात ते उठलाच नाहीत. डॉक्टर म्हणाले हृदय. नोटिशीनं माणूस मरत नाही, हे मला कळतं. मी रोज स्वतःला ते सांगते आणि रोज ते मला पटतं, आणि त्यानं काहीच फरक पडत नाही.

आणि मग सहाव्या दिवशी रस्ता. तुम्ही मोकळ्या केलेल्या नऊ फटींचा भाग जसाच्या तसा, एक तडा नाही. उचलला तो पंधराव्या फटीला, जिथं माझं सिमेंट होतं. तापलेले स्लॅब वाढले, जायला जागा नव्हती, खालची काळी माती वैशाखानं आखडून खाली गेलेली. पुस्तकातल्या जमिनीनं धरलं असतं. आपल्या जमिनीनं धरलं नाही. तुम्ही बरोबर होतात, सर. हे एक वाक्य तुम्हाला तोंडावर म्हणायला मला वीस वर्षं मिळाली होती.

पंचनाम्याला साहेब आले. गणपतचे लोक चिडलेले, सरपंच घाम पुसत उभे. साहेबांनी फाईल उघडली, माझी नोटीस काढली आणि लिहून घेतलं की रस्त्याच्या सांध्यांशी अनधिकृत छेडछाड झाल्यामुळे समतोल बिघडला, आणि याबाबत संबंधितास यापूर्वीच नोटीस बजावण्यात आली होती. सरपंचांनी मान डोलावली. एका अंगानं ढिला केला म्हणून दुसऱ्या अंगानं उचलला, हे सगळ्यांना लगेच समजलं. सोपं होतं ना. माझ्यापुढं कागद आला. गणपतची बायको समोर उभी होती, तिच्या लुगड्यावर रक्त होतं. मी सही केली. तुमच्या विरोधात माझी ही दुसरी सही.

रात्री आईनं विचारलं, "माझ्या गुडघ्यापायी झालं का गं हे?" मी म्हटलं, नाही, ऊन फार होतं.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी आले. मांडवात माणसं कमी होती. तुमचे बाहेरगावचे विद्यार्थी होते, वस्तीतले होते, गावातला एकही नव्हता. काकूंनी मला आत नेलं. मी सांगायला सुरुवात केली की काकू, फटी मी बुजवल्या, आणि त्या म्हणाल्या, "ठावं हाय."

"सरांना कळलं होतं?"

"जत्रेच्या आठ दिवस आधीच बघून आले व्हते. लई चिडले. म्या म्हटलं, मग आत्ताच उकरून काढा की. तर म्हणले, न्हाय, सरोजच्या आईचा नवस हाय. म्हातारीचे गुडघे दुखत्यात, तिचं होऊन जाऊ दे. वैशाखाला अजून वेळ हाय म्हणले."

मी तिथं बसून हिशोब केला. तुम्हीच लावलेली खोड. रोज एक फट, आठ दिवस आधी सुरुवात झाली असती तर नऊच्या सतरा झाल्या असत्या. रस्ता पंधराव्या फटीला उचलला. म्हणजे गणपतचा पाय त्या आठ दिवसांपायी मोडला, आणि ते आठ दिवस तुम्ही माझ्या आईला दिलेत. देवळीतल्या कपात चहा देणाऱ्या बाईला. नोटीसही मग आठ दिवस आधी आली असती आणि फटी नऊच राहिल्या असत्या, असं मी मनाला समजावते. मन तुमच्याकडं शिकलेलं आहे, ते उत्तर तपासून बघतं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडं गेले. तोंडी सांगितलं, लेखी जबाबही पुढं ठेवला. त्यांनी तो वाचला आणि माझ्याकडं सरकवला. "मॅडम, भावना बाजूला ठेवा. नोटीस तुमची, पंचनाम्यावर सही तुमची. आता तुम्ही उलटं लिहिलं तर खोटं कुठलं ठरवायचं? आणि गेलेल्या माणसाचं काय बिघडणार आहे?" मी मिस्त्रीला गाठायचा प्रयत्न केला. तो पुण्याकडं कामाला गेलाय, फोन उचलत नाही. सरपंचांना सगळं माहीत आहे. ते मला बघून फार आदरानं नमस्कार करतात.

म्हणून मी ग्रामसभेला उभी राहिले. तुम्हाला आवडलं असतं, मी फळाच आणला होता. चित्र काढलं. म्हटलं, फटी बुजवायला मी सांगितलं, माझ्या आईच्या नवसासाठी सांगितलं. सरांनी मोकळा केलेला भाग बघा, तो शाबूत आहे. जो उचलला तो त्यांनी हात न लावलेला. त्यांना थांबवलं ते मी. गणपतच्या पायाला मी जबाबदार आहे. एकही वाक्य गाळलं नाही.

मग सरपंच उठले. म्हणाले, "मॅडम मास्तरच्या हाताखाली शिकलेल्या. आता गुरू गेला. त्याच्यावरचा डाग पुसायला ह्या स्वतःच्या अंगावर घ्यायल्यात. नोकरीची पर्वा न्हाय केली. असं मन आजकाल कुठं मिळतंय?"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, सर. मी म्हटलं, मी खरं बोलतेय. टाळ्या वाढल्या. मागून एक म्हातारा म्हणाला, "शिष्य असावा तर असा." गणपतचा भाऊ पुढं आला आणि हात जोडून म्हणाला, "ताई, तुमच्यावर आमचा राग न्हाय. तुम्ही कशाला लावून घेता? करणारा करून गेला." मी फळ्याजवळ उभी होते, हातात खडू, आणि माझ्या वाक्यांचं ते काय करत होते ते मला दिसत होतं. मी जितकं कबूल करत होते तितकी मी मोठी होत होते.

तिथून मी तडक तुमच्या घरी गेले. काकू सभेला आल्या नव्हत्या, पण खबर माझ्याआधी पोचली होती. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मग म्हणाल्या, "सरोज, एक सांगू का? रागवायचं न्हाय."

"सांगा."

"तू आता येत जाऊ नको बाई. तू आलीस की बाया म्हणत्यात, बघा, ह्यानं रस्त्याचं वाटोळं केलं आन् ती बिचारी अजून निस्तरायली. तू जितकी चांगली व्हतीस तितके हे वाईट व्हत्यात."

मी बरं म्हटलं आणि उठले. त्याला तीन आठवडे झाले. मी गेले नाही, सर.